देवरूखच्या गाडीची बोंडं

"ओ बाई, ही दारू कोणाची?"

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर, भर उन्हात, हा प्रश्न इतक्या खणखणीत आवाजात विचारला गेला, की शेंगदाणेवाल्यापासून चौकशीच्या खिडकीतल्या माणसापर्यंत सगळ्यांनी माना वळवल्या. बाई म्हणजे मी. आणि विचारणारा, देवरूखच्या गाडीचा कंडक्टर. खाकी शर्टावर खांद्यापासून खिशापर्यंत पिवळसर ओघळ, टोपी हातात, आणि डोळ्यांत… राग असायला हवा होता. पण होतं भलतंच काहीतरी. हसू दाबल्यासारखं.

"दारू नाही ती. काजूची बोंडं आहेत," मी म्हटलं. आवाज जमेल तेवढा करडा काढला.

"देवरूखला टपावर चढवली तेव्हा बोंडं होती. पालीला येईपर्यंत त्यांचं सरबत झालं. हातखंब्याच्या वळणावर ते खिडकीतून आत आलं. आता त्याचं काय झालंय ते तुम्हीच वास घेऊन सांगा."

त्याच्या मागून एक गृहस्थ उतरले. पांढरंशुभ्र धोतर, आणि त्यावर गुडघ्यापर्यंत बोंडांचा रस.

"हे मुलगी बघायला निघाले होते," कंडक्टर म्हणाला. "आता मुलगीच ह्यांना बघत बसेल."

सगळा स्टँड हसला. मी त्या गृहस्थांची माफी मागितली, नळावरून रुमाल भिजवून आणून दिला. बोंडाचा डाग पाण्याने जात नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही, पण बिचाऱ्यांनी पुसल्यासारखं केलं. तोवर कंडक्टर स्वतः टपावर चढला होता. बोंडांचा एकेक हारा, बांबूची टोपली, तो अलगद खाली देत होता आणि मी वर बघून घेत होते, आणि वरून रसाचा एक थेंब नेमका माझ्या कपाळावर पडला.

"फिट्टंफाट," तो वरून म्हणाला.

"नाव काय तुमचं?" मी विचारलं. "तक्रार करायचीय. हारे उलटे ठेवले होते तुम्ही."

"आत्माराम मांडवकर. लिहिताना काने विसरू नका. आणि तुमचं? मलाही करायचीय."

"मालिनी शिवलकर. फळप्रक्रिया केंद्र."

"फळं तिथे पोचली तर प्रक्रिया कराल ना!" तो म्हणाला, आणि शिटी वाजवत निघून गेला.

दोघांनीही तक्रार केली नाही.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमधली. दापोलीहून शिकून आल्यावर मला मारुती मंदिराच्या पुढे नव्यानेच निघालेल्या सहकारी फळप्रक्रिया केंद्रात नोकरी लागली होती. केंद्राचे प्रमुख नेनेसाहेब. उंच, सडपातळ, चष्म्याच्या आतून सतत काहीतरी मोठं बघणारे. त्या वर्षी ते काजूची वाइन बघत होते.

"मिस शिवलकर," ते म्हणायचे, "आपले लोक बी काढून घेतात आणि बोंड टाकून देतात. झाडाखाली खच पडतो, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. आणि तिकडे गोव्यात बघा! आपण फेणी नाही करायची. आपण वाइन करायची. सरकारी परवानगीने, स्वच्छ, हलकी. पुढच्या पाच वर्षांत कोकणातून मुंबईला आंब्याच्या पेट्यांबरोबर वाइनच्या पेट्या जातील."

मला ते खरं वाटायचं. बोंडांचा रस काढायचा, साबुदाण्याची पातळ पेज घालून त्याचा तुरटपणा तळाशी बसवायचा, वरचा निवळ रस मोठाल्या काचेच्या बरण्यांत भरायचा. मग बरण्या हळूहळू बोलायला लागायच्या. बुड्… बुड्… बुड्. सगळ्या खोलीत तो गोड, उग्र, डोक्यात चढणारा वास. मला तो आवडायचा. आमच्या घरात मात्र दारू हा शब्दसुद्धा चालत नव्हता.

कारण आमचं घर माडी काढणाऱ्यांचं. आजोबा मांडवीच्या माडांवर चढले ते गुडघे थकेपर्यंत. पण आप्पा, म्हणजे माझे वडील, शिकले, जिल्हा परिषदेत हेडक्लार्क झाले, आणि घरातला कोयता-गाडगी त्यांनी स्वतःच्या हाताने बाहेर टाकली. शाळेत त्यांना पोरं माडीवरून चिडवायची, ते आप्पा विसरले नव्हते.

"माडावरून खाली उतरायला ह्या घराला दोन पिढ्या लागल्या," ते मला म्हणाले, "आणि तू शिकूनसवरून परत वर चढतेस?"

"आप्पा, ही वाइन आहे. सरकारी."

"बाटली बदलली म्हणून आतलं बदलतं का?"

आजोबांना मात्र भारी कौतुक. ते ओसरीवरून सांगायचे, "माझ्या तरुणपणी मांडवीपासून भाट्यापर्यंत एक माड सुका नव्हता गो. सकाळी गाडगी भरून यायची. मग सरकारचे कायदे आले, मग पोरं मुंबईला गेली. माड आहेत, पण चढणारा कोण? आता बघ, आख्ख्या किनाऱ्याला मिळून तेवढी माडी नाही. तुझी ती बोंडांची तरी नीट चालव."

पहिल्या वर्षीची वाइन तयार झाली तेव्हा मी चोरून त्यांना चमचाभर दिली. त्यांनी डोळे मिटून ती जिभेवर घोळवली.

"लाजरी आहे," ते म्हणाले. "माडी कशी, तोंडावर बोलते. ही पदराआडून बोलते."

पण मी गोष्टीत पुढे गेले. त्या स्टँडवरच्या भांडणानंतर दुसऱ्या दिवशी मी जरा धास्तावूनच देवरूखच्या गाडीची वाट बघत उभी होते. गाडी आली. टपावर हारे नव्हतेच. माझा चेहरा पडला. तेवढ्यात मागच्या दारातून आत्मारामचं डोकं बाहेर आलं.

"इकडे. आत या."

शेवटच्या बाकाखाली सगळे हारे ओळीने लावलेले. वर ओलं गोणपाट, आत आंब्याची पानं. एकही बोंड फुटलेलं नव्हतं. लालचुटूक, पिवळी, काही अजून देठाशी हिरवट. मी वाकून बघत राहिले.

"लगेजचं तिकीट फाडलंय हं," तो म्हणाला. "नाहीतर म्हणाल, फुकट आणली."

"पानं कोणी घातली?"

"पानं… झाडाची आहेत."

"ते दिसतंय. घातली कोणी?"

"वाऱ्याने," तो म्हणाला आणि पुढच्या दाराने उतरून गेला.

मग ते रोजचंच झालं. गाडी यायची, मी असायची. तो हारे द्यायचा, मी घ्यायची. मधल्या वेळात तो काहीतरी बोलायचा आणि मी त्याला उत्तर द्यायची नाही असं ठरवून द्यायचीच. एकदा त्याने विचारलं, "ह्या बरण्यांमध्ये होतं काय नेमकं?" मी सांगितलं, रस आतल्या आत उकळल्यासारखा होतो, चूल नसताना. तो गंभीरपणे म्हणाला, "हां. तसं होतं माणसाला कधी कधी." आणि मी हारा उचलून अशी निघाले, की रिक्षा कुठे उभी केलीय तेही आठवेना.

मे महिना संपला. बोंडं संपली. स्टँडवर जायचं कारणही संपलं.

श्रावणातली एक दुपार होती. ऊन पडलं होतं आणि पाऊसही पडत होता. केंद्रात मी एकटीच बरण्या धुत होते. दारात कोणीतरी उभं राहिलं. खाकी कपडे, पाठीवर ओघळणारं पाणी.

"आता बोंडं नाहीत," मी म्हटलं. "मग आलात कशाला?"

"पाऊस आला. उभं राहायला जागा हवी होती."

"स्टँडपासून इथपर्यंत कुठेच आडोसा नव्हता?"

"होता… पण तिथे वास नव्हता हा."

मी हसले. स्टूल पुढे केलं. वाइन तयार होती, मी छोट्या पेल्यात थोडी ओतून त्याच्यासमोर धरली. त्याने पेला घेतला, वास घेतला, आणि हळूच परत टेबलावर ठेवला.

"मी घेत नाही," तो म्हणाला. "एक थेंबही नाही."

मग तो सांगू लागला. थांबत थांबत. त्याचे वडील, भागोजी, मुंबईला गिरणीत होते. संपानंतर गिरणी काही पुन्हा सुरू झाली नाही. ते गावी आले आणि डोंगराच्या खालच्या अंगाला जी हातभट्टी लागते, तिच्यापाशी जाऊन बसू लागले. भट्टीला बोंडं लागतात. गावातल्या बायका पडलेली बोंडं गोळा करून तिथेच देत असत.

"ह्या हंगामात मी त्या बायकांना म्हटलं, मला द्या, केंद्र जास्त दर देतं. तर भट्टी कितीदा तरी विझली. बाबा रात्री घरी जेवायला यायला लागले. म्हणून मी तुमची बोंडं एवढी जपून आणत होतो. आधी… तेवढ्यासाठीच."

"आणि नंतर?"

बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं. तो त्या पाण्याकडे बघत बसला.

"पाऊस थांबला वाटतं," तो म्हणाला आणि उठला.

पाऊस थांबला नव्हता. तो तसाच भिजत गेला आणि मी दारात उभी राहून त्याला वळणापर्यंत बघितलं.

पुढच्या हंगामात नेनेसाहेबांची वाइन अडचणीत आली. पहिल्या वर्षी टाकाऊ म्हणून लोकांनी बोंडं ढिगाने दिली होती. आता हापूसच्या बागांतून चांगली मजुरी मिळत होती, तर झाडाखाली वाकून बोंडं कोण वेचणार? लांज्याकडे जुनी झाडं तोडून कलमं लावत होते. राजापूरच्या बाजूने भट्टीवाले रोख देऊन सगळं उचलत होते. पावसहून बोंडं पाठवणाऱ्या माणसाने तर सरळ निरोप पाठवला, आता जमणार नाही. केंद्राच्या अंगणात आदल्या वर्षी पाय ठेवायला जागा नसायची. आता तिथे साहेब चष्मा पुसत येरझाऱ्या घालत.

आणि एका कोपऱ्यात मात्र हाऱ्यांवर हारे.

"ही कुठली?" साहेबांनी विचारलं.

"देवरूखची," मी म्हटलं.

"काल पण देवरूखची, परवा पण देवरूखची. सगळ्या जिल्ह्यात बोंडं कमी होतायत, आणि त्या एका गाडीच्या रस्त्यावर वाढतायत. तिथली माती वेगळी आहे का?"

"माती नाही साहेब," दाबयंत्रावरची मैना म्हणाली, "कंडक्टर वेगळा आहे."

सगळे हसले. मी साबुदाण्याची पेज ढवळत राहिले. ती ढवळायची गरज नव्हती.

साहेबांना विनोद कळला नाही. ते अगदी मनापासून म्हणाले, "मिस शिवलकर, मग तुम्ही प्रत्यक्ष जाऊन बघा. त्या गाडीने जा. पुरवठा का वाढतो ते कळलं, तर दुसरीकडेही तसंच करता येईल."

"दुसरीकडे कसं करणार," मैना पुटपुटली. "तो एकच आहे."

मी गेले. पहाटेच्या गाडीने देवरूखला, आणि तिथून त्याच्या गाडीने परत. आत्मारामने मला बघितलं आणि त्याची घंटीची दोरी हातातच राहिली. ड्रायव्हर मागे वळून ओरडला तेव्हा कुठे गाडी सुटली.

मग मी जे बघितलं ते साहेबांना कसं सांगावं ते मला अजून कळलेलं नाही. प्रत्येक थांब्यावर बायका उभ्या. डोक्यावर हारे, कमरेला पोर. आणि हा दारातून हाका मारतोय. "मावशी, आज कमी कशी? … काकू, फुटलेली वेगळी ठेवा… ए वहिनी, पानं घाला की, रत्नागिरीच्या बाई रागावतात!" तिकिटं फाडतोय, हारे घेतोय, पैसे केंद्राकडून कधी मिळतील ते सांगतोय, आणि अधूनमधून माझ्याकडे बघत नाहीये. इतकं नीट ठरवून बघत नाहीये, की शेजारच्या म्हाताऱ्यालाही ते कळलं.

एका थांब्यावर सोनूबाई नावाची एक बाई चढली. उन्हाने रापलेली, दात दिसतील असं हसणारी. माझ्या शेजारी बसली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तूच काय गो ती?"

"कोण ती?"

"जिला फुटलेला बोंड चालत न्हाय ती! ह्यो पोरगा रोज आमच्या डोक्यावर बसतो. मी बोलली, मेल्या, तुला ह्यात काय सुटतं? तर बोलतो, मावशे, बाई वाट बघत असतात."

मी खिडकीबाहेर बघितलं. कातळावर ऊन तळपत होतं, लांब कुठे काजूची झाडं वाऱ्यावर हलत होती. माझे कान गरम झाले होते.

रत्नागिरीला उतरताना तो म्हणाला, "काय मग, झाली चौकशी? का वाढतो पुरवठा?"

"कळलं नाही," मी म्हटलं. "पुन्हा यावं लागेल."

त्या हंगामात मी पुन्हा पुन्हा गेले. साहेबांना वाटायचं, मुलगी कामसू आहे.

पण मनातलं कोणीच बोललं नाही. तो बोलला नाही, मी बोलले नाही. आम्हाला वाटत होतं, बोंडं दरवर्षी येतातच.

शहाऐंशीच्या सुरुवातीला आप्पांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. चिपळूणचा, बँकेत. मुलगा चांगला होता, त्याची आई चांगली होती, पोह्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं. दोन दिवसांनी मी आप्पांना सांगितलं, मला नाही करायचं. का, ते विचारलं तर सांगता येईना. आप्पांनी आदळआपट केली नाही, फक्त जेवताना बोलायचे बंद झाले.

आणि मार्चमध्ये हंगाम सुरू झाला, मी स्टँडवर गेले, तर देवरूखच्या गाडीतून वेगळाच कंडक्टर उतरला. वयस्कर, चष्मेवाला.

"बोंडं टपावर आहेत," तो म्हणाला. "तेवढीच मिळाली."

तीन हारे होते. निम्मी फुटलेली.

"आधीचे… मांडवकर?"

"त्याची बदली झाली. दापोली डेपोला."

दुसऱ्या दिवशी दोन हारे आले. मग एक. मग एक दिवस काहीच नाही. अंगणातला तो कोपराही इतर कोपऱ्यांसारखाच रिकामा झाला. सुक्या बरण्या फडताळात पालथ्या पडून राहिल्या. बुडबुड नसलेली ती खोली मला ऐकवेना.

आणि मग सोनूबाई आली. एक हारा डोक्यावर घेऊन, पत्ता विचारत विचारत, केंद्राच्या दारात. मी तिला पाणी दिलं, बसवलं.

"बायका बोंडं का देत नाहीत मावशी?"

"तो सांगायचा म्हणून द्यायच्या. आता बागंत जातात कामाला. भट्टीवाला पण येऊन बसतोय." ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "तू तरी लगीन करून जातंस, तुला काय त्याचं?"

"लग्न? कोण म्हणालं?"

"अगो, तुझा बापूसच बोलला! कायतरी कामाला देवरूखास आला होता, गाडीत बसून शेजारच्याला सांगत होता, फळांच्या केंद्रात हाय ना माझी मालू, तिचं ठरल्यातच जमा, बँकेतला जावाय हाय. मी पुढच्या बाकावर होते. तिकटं फाडता फाडता आत्माराम तिथंच उभा. त्याचा चेहरा मी बघितला गो… मग त्यानं बदली मागून घेतली. मला बोलला, मावशे, ह्या रस्त्यावर आता नको."

मी तिच्यासमोरच बसले. खाली, ओल्या फरशीवर.

"मावशी, मी त्या स्थळाला नाही म्हटलंय. केव्हाच."

सोनूबाई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या हाताला बोंडांचा वास येत होता.

"मग इथं काय बसलंस?" ती म्हणाली.

त्याच आठवड्यात नेनेसाहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की ह्या वर्षी वाइन होणार नाही. पुढच्या वर्षीही बहुधा नाही. एवढ्याशा बोंडांत काय होणार? केंद्र आता कोकमाचं सरबत करील. त्यांनी हे चष्मा काढून सांगितलं, त्यामुळे त्यांचे डोळे दिसले, आणि मला फार वाईट वाटलं. मग ते म्हणाले, कोकमाची माहिती घ्यायला कोणीतरी दापोलीला, कृषी विद्यापीठात जायला हवं.

"मी जाते," मी म्हटलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

विद्यापीठातलं काम सकाळीच आटोपलं. माझ्या एका मैत्रिणीने आत्मारामच्या गाडीची चौकशी करून ठेवली होती. मी दापोलीच्या स्टँडवर गेले आणि आंजर्ल्याच्या गाडीत मागच्या बाकावर बसले. गाडी भरली, सुटली. पुढून टक्… टक्… तिकिटाच्या चिमट्याचा आवाज जवळ येत गेला. मी खिडकीबाहेर बघत होते.

"कुठे?" त्याने विचारलं. त्याने चेहरा बघितला नव्हता.

"शेवटपर्यंत," मी म्हटलं.

चिमट्याचा आवाज थांबला.

गाडी वळणं घेत उतरत होती. मग त्याने तिकीट फाडून माझ्या हातात दिलं, आणि अगदी कोरड्या आवाजात विचारलं, "आंजर्ल्याला काय काम?"

"पुरवठा का आटला, त्याची चौकशी आहे."

त्याच्या ओठाचा कोपरा हलला. पण तो पुढे निघून गेला.

तेव्हा गाडी खाडीपाशीच थांबायची. पलीकडे आंजर्लं, जायचं तर होडीने. माणसं उतरून होडीकडे गेली. तो गाडीच्या सावलीत उभा राहिला, मी त्याच्यासमोर. खाडीवरून खारा वारा येत होता आणि माझा पदर काही केल्या जागेवर राहत नव्हता.

"अभिनंदन," तो म्हणाला.

"कसलं?"

"बँकेचं."

"बँकेत माझं खातं नाही," मी म्हटलं. "कधी नव्हतं. आप्पांना वाटलं, उघडेन. मी नाही म्हटलं."

तो बघत राहिला. मागून होडीवाला ओरडला, "येताव काय दोघां? भरती उतरतेय!"

"चला," मी म्हटलं आणि होडीत जाऊन बसले. तो गोंधळला, ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरने चहाच्या टपरीकडे जाता जाता हाताने 'जा जा' केलं. तो आला. होडी हलली. समोर कड्यावरच्या गणपतीचं देऊळ पांढरं चमकत होतं.

"बोंडांचं काही सांगायला आलात का?" त्याने विचारलं. "मी त्या बायकांना निरोप पाठवतो. देतील त्या."

"मला बोंडं नकोत."

"मग?"

वल्ह्याचं पाणी माझ्या हातावर उडालं. काय बोलायचं ते मी दापोलीपर्यंत पाठ करत आले होते. त्यातला एक शब्द आठवेना.

"त्या दिवशी पावसात मी विचारलं होतं… आणि नंतर? तुम्ही म्हणालात, पाऊस थांबला. तो थांबला नव्हता. मला आता उत्तर हवंय."

त्याने वल्ह्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मी कंडक्टर आहे. आज इथे, उद्या तिथे. बाप पिणारा. आमची जात वेगळी, तुमची वेगळी. तुमचे आप्पा हेडक्लार्क…"

"हे सगळं मला माहीत आहे. हे उत्तर नाही."

होडी खाडीच्या मध्यावर होती. होडीवाला वल्हवायचं विसरून ऐकत होता. आत्मारामने टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली.

"नंतर…" तो म्हणाला, "नंतर भट्टी विझली काय, पेटली काय, मला आठवतच नव्हतं. हातखंबा गेलं की माझं लक्ष फक्त स्टँडच्या कोपऱ्याकडे असायचं. तू उभी आहेस का. बस. एवढंच."

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. त्याला कळलंही नव्हतं. मी हात पुढे केला, आणि त्याने तो धरला… भर दिवसा, खाडीत, सहा प्रवाशांसमोर.

"उतरायचं हाय काय तुमाला?" पलीकडे पोचल्यावर होडीवाल्याने विचारलं.

"नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. "परत."

आप्पांना मी घरी पोचले त्याच रात्री जेवताना सांगितलं. आईचा हात भातावरच थांबला. आजोबा म्हणाले, "कंडक्टर? म्हणजे फुकट प्रवास…" आणि आईने त्यांच्याकडे असं बघितलं, की ते पुढे बोलले नाहीत. आप्पा पाटावरून उठले, हात धुतले आणि झोपायला गेले. आठवडा गेला. ते ऑफिसला जात, येत, पेपर वाचत. माझ्याकडे बघत नसत. मी ठरवलं होतं, भांडायचं नाही, रडायचं नाही, पण मागेही हटायचं नाही. रात्री मात्र उशी ओली व्हायची.

मग एका सकाळी आप्पा पिशवी घेऊन निघाले. कुठे, ते आईलाही सांगितलं नाही. रात्री आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. धुळीने माखलेले, थकलेले. ओसरीवर बसले, पाणी मागितलं. मी आणलं. पूर्ण तांब्या संपवून त्यांनी खाली ठेवला.

"दापोलीला गेलो होतो," ते म्हणाले. "आंजर्ल्याच्या गाडीत बसलो. जाता-येता, दोनदा."

आई दारात येऊन उभी राहिली.

"त्याने ओळखलं मला. नमस्कार केला आणि कामाला लागला. मागेपुढे केलं नाही." आप्पांनी कपाळावरची धूळ पुसली. "वाटेत एक माणूस चढला. दुपारचाच पिऊन आलेला. तोल जात होता, लोक नाकं मुरडत होते. कोणी म्हणालं, उतरवा ह्याला. मी असतो तर उतरवलंच असतं. ढकलून. जन्मभर मला अशा माणसांची शरम वाटत आली… आणि ह्या पोराने त्याला पुढच्या बाकावर बसवलं. खिडकी उघडून दिली. त्याचं गाव आलं, तेव्हा हात धरून खाली उतरवलं, बांधावर टेकवलं, पडलेली टोपी उचलून डोक्यावर नीट ठेवली. मग घंटी दिली. सगळं असं, की जणू त्याच्या घरचंच कोणी आहे."

आजोबा ओसरीच्या टोकाला बसून ऐकत होते. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं आणि उपरण्याने डोळे पुसले.

आई अजून दारातच उभी होती. "मग?" तिने विचारलं. "मग तुम्ही काय म्हणालात त्याला?"

आप्पांनी शर्टाची वरची बटणं सोडली. भिंतीला टेकले. माझ्याकडे बघितलं, आठवड्याभरानंतर पहिल्यांदा.

"रविवारी मासळी जरा जास्त घे," ते आईला म्हणाले. "सुरमई मिळाली तर बघ. माणूस दापोलीहून येणार आहे. पोचेपर्यंत भूक लागलेली असेल त्याला."